‘लॉस्ट’चा उलटा शब्द

बाई, ‘हार्ड’ला एक नाही, दोन उलटे शब्द आहेत, हे तू मला सांगितलंस त्या सकाळी मी दात घासत होते. तोंडात फेस, हातात फोन आणि पलीकडून तुझा आवाज. कशी आहेस, काय करतेस, काही नाही.

“वंदे, दगड हार्ड, त उलटं सॉफ्ट. पन पेपर हार्ड, त उलटं इझी! दगडाले वेगळं अन् पेपराले वेगळं! तुले मालूम होतं काय वो?”

“माहीत आहे बाई,” मी फेस थुंकून म्हणाले. “मी कॉलेजात इंग्रजीच शिकवते.”

“हो ना,” तू म्हणालीस. आवाज एकदम खाली आला, पण क्षणभरच. “मंग मले सांगितलं काऊन नाई?”

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. घरातली माणसं म्हणतात, मी रडत कशी नाही. रडते गं, रडले. पण आज मला वेगळंच झालंय. काल चिचगडला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कालपासून घरात येरझाऱ्या घालून राहिले आहे. बघ, ‘घालून राहिले’. इतकी वर्षं गोंदियात राहून, स्टाफरूममध्ये हिंदी बोलून, वर्गात इंग्रजी बोलून जी बोली मी पुसून टाकली होती ती तुझ्यामागे परत आली. पण कालचं सांगण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. तिच्याशिवाय कालचं कळणार नाही.

मी तुला बाई म्हणते याची माझ्या मैत्रिणींना गंमत वाटायची. “बाई का फोन आया” असं मी म्हटलं की त्या विचारायच्या, आज भांडी घासायला येणार नाही का? थोरल्या बहिणीला आपल्याकडे बाई म्हणतात हे सांगून सांगून मी थकले. थोरली म्हणजे किती थोरली? सात वर्षांनी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू अकरावीत होतीस, मी चौथीत. इटियाडोहच्या कालव्याकाठच्या आपल्या घरातून दोघींनी शाळेत जाणं शक्य नव्हतं. कोणी जायचं यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. एका सोमवारी तू माझी वेणी घातलीस, दप्तर माझ्या खांद्यावर अडकवलंस आणि स्वतः चुलीपुढे बसलीस. तुझी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत गेली. मी दार ओढून घेतलं आणि गेले. मागे वळून पाहिलं नाही, कारण मला उशीर होत होता.

तिथून मी एम. ए.पर्यंत गेले आणि तू चिचगडला, भाऊजींच्या घरी. भाऊजी जंगलकामावर, तू अंगणवाडीत मदतनीस. वीस लेकरांची खिचडी, भांडी, झाडलोट. सेविका व्हायचं तर बारावी पाहिजे. पंचेचाळिसाव्या वर्षी तू बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलास आणि मला फोन केलास.

“बाकी सब्जेक्टचं मी पाहीन. इंग्रजी तू पाह्य.”

मी व्याकरणापासून सुरू करणार होते. काळ, क्रियापद, सगळं आखून ठेवलं होतं. तू म्हणालीस, “मले आधी उलटे शब्द शिकव. एक शब्द पाठ केला त दोन येतेत.” या हिशोबापुढे माझी बी. एड.ची पदवी गप्प बसली. रोज सकाळी सहा वाजता मी पाच शब्द द्यायची, तू दुसऱ्या दिवशी पाच जोड्या परत करायचीस. माझ्या शेजारच्या काकू एकदा विचारत्या झाल्या, “मॅडम, सुबह-सुबह ये किससे झगडा चलता है आपका?” त्यांना काय सांगू? झगडाच होता तो.

कारण तू जोड्या परत करायचीसच, पण त्यांच्याबरोबर तक्रारीही आणायचीस. ‘लाइट’चं उलटं ‘डार्क’, हे ठीक. पण लाकडाची मोळी लाइट असली तर? तिथे ‘हेवी’. ‘ओल्ड’ माणसाला ‘यंग’ आणि ‘ओल्ड’ लुगड्याला ‘न्यू’. ‘शॉर्ट’ दोरीला ‘लाँग’ आणि ‘शॉर्ट’ माणसाला ‘टॉल’. हे सगळं मी पंधरा वर्षं शिकवत होते. पण वर्गात ते एका रांगेत लिहिलेले शब्द असायचे, आणि तू ते मोळी उचलून, लुगडं झटकून, कोणाच्या तरी उंचीकडे बघून शोधत होतीस. दर वेळी तू तितक्याच जोरात विचारायचीस, “तुले मालूम होतं काय?” आणि दर वेळी मी म्हणायची, “हो बाई, माहीत आहे.” दर वेळी तुझा आवाज क्षणभर खाली यायचा. मला तो ऐकू यायचा. तरी मी ‘माहीत आहे’च म्हणायची. माहीत असणं हीच तर माझी नोकरी होती.

एकदाच मी खरोखर अडकले. ‘हंग्री’ दिला होता. दुसऱ्या दिवशी मी ‘फुल’ची वाट पाहत होते.

“फुल नाई,” तू म्हणालीस. “फुल त घागर रायते. मी रोज पाहतो ना. हंग्री लेकरू भितीले टेकून बसते. त्याच्या पोटात खिचडी गेली का ते उठून पळते. हंग्रीचं उलटं प्लेइंग.”

“असं नसतं बाई. पेपरात प्लेइंग लिहिलंस तर शून्य मिळेल.”

“पेपरात फुल लिहीन. पन तुले सांगून राहिली, प्लेइंगच हाये.”

हा वाद आपण संपवला नाही. माझ्यापुरता तो आता संपला. प्लेइंगच आहे. मागच्या आठवड्यात मी माझ्या वर्गात तो शब्द असाच शिकवला आणि मागच्या बाकांवरच्या पोरींनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

तू एकटी शिकत राहिली असतीस तर गोष्ट तिथेच राहिली असती. पण तुला नवीन काही मिळालं की ते पदराखाली ठेवणं तुला कधी जमलंच नाही. बचतगटाची मीटिंग संपली की तू बायकांना थांबवून घ्यायचीस. तू शब्द टाकायचीस, त्या उलटा फेकायच्या. त्यांतली दुर्पता तर इंग्रजी अक्षर ओळखत नव्हती. घरी गोंडी, बाजारात झाडीबोली, आणि तुझ्यापाशी बसून ‘अप-डाऊन, इन-आउट’. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायका झाडाखालून एकमेकींना शब्द टाकतात, असं तू सांगितलंस तेव्हा मला खोटं वाटलं होतं. मग मी एकदा आले आणि स्वतः ऐकलं. एक बाई टोपलं भरता भरता ओरडली, “नियर!” आणि पार नाल्यापलीकडून आवाज आला, “फार! पन येऊन राहिली!”

आणि मग ते स्नेहसंमेलन.

तुमच्या गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना कल्पना सुचली: नववीच्या पोरी विरुद्ध बचतगटाच्या बायका, उलट्या शब्दांची स्पर्धा, स्टेजवर. आणि परीक्षक म्हणून गोंदियाच्या कॉलेजच्या मॅडम. म्हणजे मी. मी म्हटलं, माझी सख्खी बहीण त्या संघात आहे. ते हसून म्हणाले, मॅडम, तुम्ही शिकलेलं माणूस, तुम्ही काय पक्षपात करणार?

तो दुपारचा मंडप मला जसाच्या तसा दिसतो. पोरींसमोर शाळेची पितळी घंटा, तुमच्यासमोर तुमच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट आणि पळी. ज्याचा आवाज आधी त्याने उत्तर द्यायचं. तू निळी साडी नेसली होतीस आणि पळी अशी धरली होतीस की जणू आता कोणाला तरी मारणार. गर्दीतले बाप्ये आधी हसत होते. दहाव्या शब्दाला हसणं थांबलं. पंधराव्या शब्दाला ते उभे राहून ओरडत होते. ‘नॅरो’ला दुर्पताने ‘ब्रॉड’ म्हटलं तेव्हा तिच्या नवऱ्याने डोक्यावरचा शेला हवेत फेकला. पोरीही काही कमी नव्हत्या. श्रुतिका नावाची बारकीशी पोरगी माझा शब्द पुरा व्हायच्या आधी घंटा हाणत होती. एकोणीस शब्द झाले. एक कोणालाच आला नव्हता, बाकी नऊ-नऊ. शेवटचा कागद मी उचलला.

“लॉस्ट.”

ताट वाजलं. तू वाजवलंस. तू वाजवलंस बाई, मी पाहिलं.

“वन!”

मंडपात कोणालाच कळलं नाही. एक जण म्हणाला, वन म्हणजे एक. मागून दुसरा ओरडला, “हरवला त वनातच जाईल ना!” आणि सगळा मंडप हसून लोळला. तू हसली नाहीस. तू माझ्याकडे पाहत होतीस. “जिंकला तो वन,” तू मोठ्याने म्हणालीस. “हरला, जिंकला. लॉस्ट, वन.”

माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं ‘फाउंड’. हरवला, सापडला. मीच लिहिलं होतं.

आता कबुली. त्या क्षणी मला माहीत होतं की तू बरोबर आहेस. नंतर घरी जाऊन समजलं असं नाही, विचार करून समजलं असंही नाही. तू ‘वन’ म्हटलंस त्याच क्षणी समजलं. आणि त्याच क्षणी मला मुख्याध्यापकांचा चेहरा दिसला, पहिल्या रांगेतले गुरुजी दिसले, आणि वाटलं, आता मी हो म्हटलं तर हे सगळे म्हणणार, बहीण होती म्हणून दिलं. मी कागदाकडे पाहिलं, तुझ्याकडे नाही.

“चूक,” मी म्हणाले.

श्रुतिकाने ‘फाउंड’ म्हटलं. घंटा वाजत राहिली. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

घरी येताना तू पुढे पुढे चालत होतीस. ओसरीत पाय ठेवला तशी वळलीस.

“वंदे, शब्दाचे अर्थ दोन, त उलटे बी दोन होतेत का नाई?”

“स्पर्धेला नियम असतो बाई. कागदावर जे असतं तेच—”

“कागदाचं सोड. तुले मालूम होतं का नव्हतं, येवढंच सांग.”

मी तुझ्या डोळ्यांना डोळा देऊ शकले नाही. तुझ्यामागे भिंतीवर तुमच्या लग्नातला फोटो होता, त्याच्याकडे बघून मी म्हणाले, “नव्हतं गं. लक्षातच आलं नाही माझ्या.”

मी वाट पाहत होते, तू चिडशील. तू माझे दोन्ही खांदे धरलेस. तुझा चेहरा असा उजळला की मला धडकीच भरली.

“म्हंजे मी तुले शिकवलं! अवो बाप्पा! प्रोफेसर बाईले म्या शिकवलं!”

तू अंगणात पळालीस. शेजारणीला हाक मारून सांगितलंस. दुर्पताकडे जाऊन सांगितलंस. हरलेल्या बायका तुझ्याभोवती जमल्या आणि जिंकल्यासारखा चहा झाला. मी ओसरीत बसून तो चहा प्यायले. मला आठवतं, त्यात गवती चहा होता.

खरं सांगायला मी नंतर किती वेळा फोन हातात घेतला असेल. तुझी परीक्षा होऊ दे, मग सांगू. परीक्षा झाली. निकाल लागू दे. निकालाच्या दिवशी तू फोनवर आधी किंचाळलीस आणि मग बोललीस, इंग्रजीत पास, सगळ्यात पास! त्या दिवशी कोण सांगणार? मग तू सेविका झालीस, अंगणवाडीचं रजिस्टर तुझ्या सहीने सुरू झालं, तू मला त्या सहीचा फोटो पाठवलास. दर वेळी वाटायचं, आता हिच्याकडून तो आनंद कशाला काढून घ्यायचा? मी दोन वेळा चुकले होते, एकदा स्टेजवर आणि एकदा ओसरीत. आणि दुसरी चूक इतकी गोड निघाली होती की पहिली दुरुस्त करता येईना.

आणि मग त्या सकाळी अंगणवाडीचं कुलूप उघडताना तुला भोवळ आली. गाडी देवरीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तू गेलीस. मी गोंदियाहून निघाले होते. आमगावही ओलांडलं नव्हतं.

काल कार्यक्रम होता. धानाची कापणी ऐन भरात, तरी सगळे आले. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. चार जण तुझ्याविषयी बोलले, चांगलं बोलले. मग मला बोलायला सांगितलं. मी काही लिहून नेलं होतं. ते तसंच मुठीत राहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी स्नेहसंमेलनात माझ्या बहिणीचं उत्तर बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं. मी भिऊन चूक दिलं. आणि नंतर तिच्याशी खोटं बोलले, की मला माहीत नव्हतं.”

मुख्याध्यापक खाली पाहू लागले. मग बायकांच्या घोळक्यातून दुर्पता उठली. तुला माहीत आहे ती कशी बोलते, कुऱ्हाड घातल्यासारखी.

“बस खाली, मॅडम. तिले मालूम होतं.”

“काय?”

“तू खोटं बोल्ली ते. त्याच दिवशी तिनं मले सांगितलं. म्हने, वंदीले सारं मालूम हाये, पन तोंड असं उतरलं होतं तिचं, का म्या म्हटलं, जाऊ दे. तिले लाज वाटून राहिली होती. म्हून मी नाचली, म्हने.”

बाई.

म्हणजे तो चहा, ते अंगणात पळणं, ते ‘प्रोफेसर बाईले म्या शिकवलं’, सगळं माझ्यासाठी होतं? मी समजत होते मी तुला आनंद दिला. आणि तू मला सोडवत होतीस. माझं दप्तर माझ्या खांद्यावर अडकवलंस तसंच, एक शब्द न बोलता. मी तिथेच सतरंजीवर बसले आणि रडता रडता हसायला लागले. मला आवरेना. दुर्पतालाही आवरेना. एकेक करून सगळ्या बायका हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर पदर.

तेवढ्यात नववीतली, आता दहावीत गेलेली श्रुतिका उभी राहिली. “मॅडम, मग मॅच बरोबरीत सुटली ना? दोन्ही बरोबर. शेवटचा शब्द परत घ्या.”

“आत्ता?” मुख्याध्यापक म्हणाले. “या कार्यक्रमात?”

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. ते मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. सतरा दिवसांत त्यांच्या तोंडून चार वाक्यं कोणी ऐकली नव्हती. त्यांनी मान हलवली. “घ्या. तिले चालते.”

मग काय विचारतेस! कोणी घरात जाऊन ताट आणलं. घंटा नव्हती, तर पोरींनी पाण्याची कळशी उपडी घातली. बायका या बाजूला, पोरी त्या बाजूला, म्हातारी माणसं खुर्च्या सरकवून पुढे आली. भन्तेजींना जायचं होतं, तेही थांबले. एका शब्दावर कोणाचं भागलं नाही. मी डोक्यात येईल तो शब्द टाकत होते आणि ताट-कळशी एकसारखी वाजत होती. कोणी दोन उलटे सांगितले तर दोन गुण, हा नियम पोरींनीच केला. ‘राइट’ला ‘लेफ्ट’ आणि ‘राँग’ दोन्ही आले आणि असा गलका झाला की शेताकडे निघालेली माणसं विळे हातात घेऊन बघायला उभी राहिली. तू असतीस तर पळीचा दांडा वाकवला असतास.

मी म्हणाले, “अस्लीप.”

ताट वाजलं नाही. कळशीही वाजली नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, श्रुतिका ओठ चावत होती. मी परत म्हणाले, “अस्लीप. झोपलेला.”

“अवेक.”

आवाज खांबापासून आला होता. भाऊजी. ज्या माणसाने आयुष्यभर बिडीपानं आणि बांबू मोजले, ज्याला मी कधी मराठीसुद्धा वाचताना पाहिलं नाही, तो माणूस बोलला होता. पलीकडच्या खळ्यावर मळणीयंत्र चालू असल्याचं तेव्हा ऐकू आलं.

“भाऊजी, तुम्हाला कसं येतं?” मी विचारलं.

ते जमिनीकडे पाहत होते. “सकाळी ती ओसरीत फोन घेऊन बसे. मी खाटेवर डोळे मिटून रायचो. सहा वाजता. रोज.” त्यांनी जमिनीवर बोटाने रेघ ओढली. “उठलो असतो त ती म्हनली असती, तुमची झोपमोड होते, अन् बंद केलं असतं. म्हून उठलो नाई.”

दुर्पताने हातातली पळी हळूच ताटात ठेवली. भाऊजींनी मान वर केली, आधी त्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पोरासारखं लाजून म्हणाले,

“आनखी एक विचारा.”